सुई कुणाच्या हातात?

गेल्या महिन्यात एका शनिवारी मी शेवटी टॅटू काढून घेतला. 'शेवटी' अशासाठी, की हा बेत इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षापासूनचा. तेव्हा पैसे नव्हते. नोकरी लागली तेव्हा धीर नव्हता. धीर आला तेव्हा प्रोजेक्ट असं काही अंगावर आलं, की शनिवार-रविवार म्हणजे काय हेच विसरायला झालं. तर या वेळी रिलीज संपली, क्लायंट सुट्टीवर गेला आणि मी डेक्कनला एका स्टुडिओत जाऊन उजवा हात पुढे केला.

सुई लागायच्या आधी त्या पोराने मला एक फॉर्म दिला. दोन पानी. मधुमेह आहे का, त्वचेचा काही विकार आहे का, वय अठरा पूर्ण आहे का, आणि शेवटी एक वाक्य: हे मी स्वखुशीने करून घेत आहे. खाली सही. आपण सॉफ्टवेअरवाले लोक असले फॉर्म न वाचता 'आय अ‍ॅग्री' करण्यात पटाईत. मीही केली सही.

घरी आल्यावर आईने फक्त "साबणाने जातं ना ते?" एवढंच विचारलं आणि उत्तर ऐकून स्वयंपाकघरात निघून गेली. आजीने मात्र चष्मा लावून हात जवळ ओढला.

"काय आहे रे हे?"

"सह्याद्री आहे आजी. डोंगररांग."

"मला वाटलं करवत. किती घेतले?"

"साडेतीन हजार."

आजी खो खो हसली आणि तिने स्वतःचा हात माझ्या हाताशेजारी ठेवला. मनगटावर तुळस, अंगठ्याजवळ पाच ठिपके, वर कोपराकडे एक वेल, आणि या सगळ्यांपासून जरा लांब एक विंचू. कपाळावर आणि हनुवटीवर एकेक ठिपका आहेच. "शेरभर बाजरी आणि एक जुनं लुगडं," ती म्हणाली. "एवढ्यात सगळं झालं माझं."

"दुखलं होतं का गं?"

"चौघींनी धरलं होतं मला. आठ वर्षांची होते."

"पण तुला विचारलं होतं का कुणी?"

"विचारायचं काय त्यात?"

आता हे उत्तर काही डोक्यातून जाईना. माझ्याकडून दोन पानी फॉर्मवर सही घेतली आणि आजीला चौघींनी दाबून धरलं. सुई तीच, काळा रंग तोच. मग पुढचे तीन-चार वीकएंड मी हेच वाचत बसलो: माणसाच्या अंगावर खूण करायचा इतिहास. आणि तो वाचताना प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न पडत गेला, की सुई कुणाच्या हातात होती, आणि ज्याला टोचली त्याला कुणी विचारलं होतं का?

*

सुरुवात पार मागून करू. १९९१ साली ऑस्ट्रिया आणि इटलीच्या सीमेवर आल्प्समध्ये, बर्फात एका माणसाचं प्रेत सापडलं. आधी वाटलं एखादा हरवलेला गिर्यारोहक असेल. तो निघाला सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा! त्याला ओत्झी म्हणतात. त्याच्या अंगावर ६१ खुणा आहेत. चित्रं वगैरे नाहीत, नुसत्या रेघा आणि फुल्या. त्वचेत काजळी भरून केलेल्या. आणि गंमत म्हणजे यातल्या बऱ्याचशा कंबर, गुडघे, घोटे अशा ठिकाणी आहेत, जिथे त्याची हाडं झिजलेली होती. म्हणजे हा सगळा प्रकार दुखण्यावरचा उपाय असावा, असा अंदाज आहे. त्याच्या कानाच्या पाळ्यांनाही मोठी भोकं होती. थोडक्यात काय, टॅटू आणि पिअर्सिंग दोन्ही केलेला माणूस आपल्याला पाच हजार वर्षं जुना मिळालेला आहे. घरच्यांशी वाद घालताना हा मुद्दा जरूर वापरा. मी वापरला, उपयोग झाला नाही.

'टॅटू' हा शब्द मात्र तसा अलीकडचा. कॅप्टन कुकचं जहाज १७६९ मध्ये ताहिती बेटावर पोचलं, तिथले लोक या प्रकाराला 'तताऊ' म्हणत. खलाशांनी शब्दही आणला आणि हातावर नमुनेही आणले. आपल्याला अर्थात हा शब्द आयात करायची काही गरज नव्हती. गोंदण होतंच.

*

आधी कान-नाक टोचण्याबद्दल, कारण ते आपल्या सगळ्यांचंच झालेलं असतं आणि त्याला आपण 'बॉडी पिअर्सिंग' म्हणत नाही. घरच्या सोनाराने केलं की संस्कार, स्टुडिओत केलं की थेरं.

सुश्रुतसंहितेत कान टोचण्यावर एक अख्खा अध्याय आहे. बाळ सहा-सात महिन्यांचं झालं की दाईच्या मांडीवर बसवायचं, खेळणी देऊन रमवायचं, कानाची पाळी उन्हात धरून जिथून प्रकाश आरपार दिसतो ती जागा शोधायची आणि तिथेच टोचायचं. मुलाचा उजवा कान आधी, मुलीचा डावा. जागा चुकून शीर लागली तर काय काय होतं तेही लिहिलंय. टोचून झालं की दर तीन दिवसांनी जरा जाड वात घालून भोक वाढवायचं. आणि वाढवता वाढवता पाळी फाटली तर? ती जोडायच्या १५ पद्धती दिल्या आहेत. एक्सेप्शन हँडलिंग म्हणतात ते हे! ज्याला आपण आज प्लॅस्टिक सर्जरी म्हणतो तिची एक मुळी या फाटलेल्या कानांमध्ये आहे, पण तो वेगळ्या शनिवारचा विषय.

नाकाची गोष्ट त्याहून मजेशीर. गणपतीत ढोलपथकातल्या मुली नऊवारी नेसून चापाची नथ लावतात, तेव्हा आपल्याला वाटतं, वा, काय परंपरा. पण पुण्याच्या भांडारकर संस्थेतले परशुराम कृष्ण गोडे यांनी १९३० च्या दशकात या नथीचा पाठपुरावा केला होता. जुन्या संस्कृत ग्रंथांमध्ये दागिन्यांच्या लांबलचक याद्या आहेत, त्यात कानातले आहेत, गळ्यातले आहेत, पण नाकातलं काही नाही. अजिंठ्याच्या चित्रांतल्या बायका नीट बघा, कान दागिन्यांनी ओथंबलेले आणि नाक मोकळं. गोड्यांचा निष्कर्ष असा, की नाकातल्या दागिन्याचे पुरावे साधारण हजार वर्षांच्या अलीकडचेच मिळतात. म्हणजे जी गोष्ट आपण 'अनादी काळापासून' म्हणतो, तीही कधीतरी नवीन फॅशनच होती. तेव्हाही एखाद्या आजीने नाक मुरडलं असणार.

आणि हे फक्त बायकांचं नाही बरं का. भिकबाळी पुरुषांचीच. शिवाय आपल्याकडे मुलं जगत नसली की पुढच्या मुलाचं नाक टोचत, त्याला मुलीसारखं वाढवत, म्हणजे काळाला पत्ता लागू नये. नथू, नथोबा ही नावं तिथूनच आलेली. इथे टोचणं म्हणजे दागिना नाही, सोंग आहे. आईच्या भीतीपोटी केलेलं. त्या बाळाला विचारायचा प्रश्नच नव्हता, पण सुई ज्या हातात होती त्या हाताला ते बाळ जगायला हवं होतं.

*

आता गोंदण. आजीकडून त्याची कृती अशी मिळाली: दिव्यावर खापर धरून काजळी जमवायची, ती कुठल्याशा पाल्याच्या रसात कालवायची, तीन-चार सुया दोऱ्याने घट्ट एकत्र बांधायच्या आणि टोचत जायचं. गोंदणारी बाई गावोगाव फिरायची. टोचताना गाणी म्हणायची, म्हणजे पोरीचं रडणं कमी ऐकू येतं. वरून हळद-तेल. चार दिवस ताप.

मला त्या स्टुडिओत टोचलं ते यंत्राने. त्याचा खापरपणजोबा कोण माहितीये? एडिसनचं इलेक्ट्रिक पेन. १८७५ साली एडिसनने कागदपत्रांच्या प्रती काढायला एक पेन बनवलं होतं, वर छोटी मोटर आणि खाली वेगाने वरखाली होणारी सुई. ती कागदाला बारीक भोकं पाडायची आणि त्या भोकांतून शाई दाबली की प्रत तयार. ते पेन फार काही चाललं नाही. पण न्यूयॉर्कमधल्या सॅम्युअल ओ'रायलीला वाटलं, कागदाऐवजी कातडी असेल तर? १८९१ मध्ये त्याने टॅटूच्या यंत्राचं पेटंट घेतलं. म्हणजे माझ्या हातावरचा सह्याद्री एका फसलेल्या झेरॉक्स मशीनने काढलाय म्हणायला हरकत नाही.

यंत्र असो की बांधलेल्या सुया, काम एकच: रंग त्वचेच्या वरच्या थराखाली, एक-दोन मिलिमीटर आत पोचवायचा. वरचा थर सतत झडून नवा येतो, आतला तसा झडत नाही. काजळी काळीच असते, पण वर त्वचेचा पडदा असल्यामुळे ती आपल्याला निळसर-हिरवी दिसते. आजीच्या तुळशीचा तो रंग त्यामुळे.

पण मग तो रंग आत टिकतो कसा? मला वाटायचं की कपड्याला डाग पडावा तसा पडत असेल. तसं नाही. टोचलं की शरीराला वाटतं हल्ला झाला, आणि त्वचेतल्या भक्षक पेशी धावत येऊन ते कण गिळतात. गिळतात, पण पचवू शकत नाहीत. मग कण पोटात घेऊन तिथेच बसून राहतात. २०१८ मध्ये फ्रान्सच्या मार्सेमधल्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवलं, की या पेशी काही काळाने मरतात, त्यांच्या पोटातले कण बाहेर पडतात आणि तिथे आलेली नवी पेशी ते उचलून गिळते. मग ती मरते, पुढची उचलते. म्हणजे आजीच्या हातावर सत्तरहून जास्त वर्षं तुळस आहे, पण ती धरून बसलेल्या पेशी कितीदा तरी बदलल्या असणार. नोकरी सोडून जाणारा माणूस नव्याला नॉलेज ट्रान्स्फर देतो तसं. आमच्या कंपनीत ते एवढं नीट होत नाही, हे जाता जाता.

एवढा खटाटोप कशासाठी? आजी म्हणते, मेल्यावर सोनंनाणं इथेच काढून घेतात, वर जाताना सोबत येतं ते फक्त गोंदण. आणि दुसरं कारण जरा कमी गोड आहे. गोंदण नसलेली सून आली तर सासरी तिच्या हातचं पाणी चालायचं नाही. लहानपणी टोचून ठेवायचं ते या भीतीने. तिच्या आईनेच तिचे पाय धरले होते, हे आजीने बऱ्याच वेळाने सांगितलं.

*

इथवरची सुई घरातली होती. दुखावणारी, पण आपल्या माणसांची. ती सरकारच्या हातात गेली की काय होतं ते आता बघा.

१७९७ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने बंगालमध्ये नियम केला: जन्मठेपेच्या कैद्याच्या कपाळावर त्याचं नाव, गुन्हा आणि शिक्षेची तारीख गोंदायची. शब्दसुद्धा तोच, 'गोदना'. ज्या कलेने बायका हातावर तुळस काढत तीच कला कपाळावर गुन्हा लिहायला वापरली. कैदी पळाला तर ओळखू यावा, हा हेतू. कैदी मग पागोटं भुवयांपर्यंत ओढून बांधायचे. उद्या तो माणूस निर्दोष ठरला तर? याला अनडू नव्हतं. १८४९ पर्यंत, म्हणजे अर्धशतकाहून जास्त काळ हे चाललं.

ते बंद झालं, पण सरकारची गरज संपली नव्हती. मग अंगावर लिहिण्याऐवजी अंगावर आधीच जे लिहिलेलं आहे ते वाचायला सुरुवात झाली. १८५८ मध्ये बंगालातच विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराकडून करारावर सहीबरोबर अख्ख्या पंजाचा ठसा घेतला. १८९७ मध्ये कलकत्त्याला ठशांचं स्वतंत्र कार्यालय निघालं. अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांनी दहा बोटांच्या ठशांवरून माणसाला १०२४ कप्प्यांपैकी एका कप्प्यात टाकायचं गणित बसवलं. कॉम्प्युटर नसताना केलेलं हे हॅश टेबलच आहे! नाव मात्र साहेबाचं लागलं, 'हेन्री पद्धत'. आपल्या क्षेत्रातल्या लोकांना यात नवीन काही वाटणार नाही. ही वाट पुढे कुठे गेली ते आपल्याला माहीतच आहे. पहिला आधार क्रमांक दिला गेला तो २०१० मध्ये, आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात.

पण अंगावर लिहिणारे हात थांबले नाहीत. १९४१ पासून ऑश्विट्झमध्ये कैद्यांना गोंदून नंबर द्यायला लागले, आधी सोव्हिएत युद्धकैद्यांना छातीवर, मग बाकीच्यांना डाव्या हातावर. टोचणारेही बहुतेक कैदीच असायचे. तिथे चार लाखांहून जास्त माणसांना नंबर दिले गेले. मी रोज टेबलला प्रायमरी की देतो. यावर विनोद सुचला नाही.

१९४७ मध्ये फाळणीच्या दंगलीत पळवलेल्या बायकांच्या अंगावर समोरच्या धर्माच्या घोषणा गोंदल्या गेल्या, दोन्ही बाजूंनी. आणि हे सगळं फार जुनं वाटत असेल तर अमृतसर, १९९३. पोलिसांनी चार बायकांच्या कपाळावर 'जेबकतरी' असं गोंदलं. १७९७ चा नियम रद्द होऊन १४४ वर्षं झाली होती. त्या पोलिसांना कोर्टाने दोषी ठरवलं ते २०१६ मध्ये. तेवीस वर्षं! 'दीवार' मध्ये लहानग्या विजयच्या हातावर लोक त्याच्या बापाची चोरी गोंदतात, तो सीन आपण सगळ्यांनी पाहिलाय आणि सिनेमा म्हणून सोडून दिलाय.

हे वाचून झालं आणि मी माझ्या स्टुडिओच्या फॉर्मकडे परत आलो. ईमेलवर त्याची कॉपी आली होती. 'स्वखुशीने' हा शब्द पहिल्यांदा नीट वाचला. एवढ्या साध्या शब्दामागे केवढा इतिहास आहे, नाही?

*

इथे हा लेख संपवता आला असता. पूर्वी जबरदस्ती होती, आता स्वातंत्र्य आहे, आपण किती पुढे आलो. पण नोव्हेंबर आला.

आजोबांचं कुटुंब निवृत्तिवेतन आजीला मिळतं, आणि त्यासाठी दरवर्षी ती जिवंत असल्याचा दाखला लागतो. मी तिला घेऊन एका कार्यालयात गेलो. मशीनवर अंगठा ठेवला. जुळला नाही. दुसरा ठेवला. नाही. बोटं पुसून, पाणी लावून, सगळी दहा झाली. काही नाही. जन्मभर भांडी, शेणसारवण, खुरपं... बोटांच्या रेघा उरल्याच नव्हत्या. तिथला मुलगा वाईट नव्हता, पण त्याच्या स्क्रीनवर लाल अक्षरं होती आणि तो तरी काय करणार? आजी मशीनकडे बघत होती. तिचा हात टेबलावर होता, आणि त्या हातावर तुळस, पाच ठिपके, वेल, विंचू, सगळं स्पष्ट. लांबून वाचता येईल असं. पुढे डोळ्यांच्या बुबुळाने काम झालं, पण तोवर दीड तास गेला.

रिक्षात मी गमतीत म्हटलं, "आजी, मशीनला गोंदण दाखवायला हवं होतं."

ती मनगट चोळत म्हणाली, "हे सगळं त्यांनी काढलेलं. विंचू तेवढा माझा."

मग ती गोष्ट कळली. बारा-तेरा वर्षांची असताना जत्रेत तिने आणि तिच्या मैत्रिणीने खाऊच्या पैशातून एकेक विंचू काढून घेतला. घरी कुणाला न विचारता. गोंदणारी म्हणाली, पोरी, फूल काढ, तर या दोघी म्हणाल्या, नाही, विंचूच. आईने घरी मारलं. मैत्रीण लग्न होऊन लांब गेली, पुन्हा भेटली नाही. विंचू आहे.

मी माझ्या हाताकडे बघितलं. माझ्याकडे सही केलेला फॉर्म आहे, स्वखुशीचा. पण खरं सांगायचं तर हा सह्याद्री मी त्या स्टुडिओच्या अल्बममधून निवडला होता, आणि तसाच सह्याद्री आमच्या टीममध्ये आणखी दोघांच्या हातावर आहे. मला कुणी धरलं नव्हतं. पण दुसऱ्यांचा बघून आपलाही हवा असं वाटणं, आणि सासरी पाणी चालावं म्हणून टोचून घेणं, यात फरक आहे हे नक्की. किती आहे, हे मात्र त्या रिक्षात मला सांगता येईना.

असो. टॅटू मला अजूनही आवडतो, पश्चात्ताप वगैरे काही नाही. फक्त पुढच्या वेळी अल्बम उघडणार नाही. आणि तुमच्या घरात गोंदण असलेलं कुणी असेल तर या रविवारी त्यांचा हात हातात घ्या आणि विचारा, यातलं तुझं कुठलं? उशीर करू नका. गोंदण सोबत जातं म्हणतात, ते खरंच आहे.